रेशमाचं पान

"वन्सं, उदबत्ती नगा लावू," मंदा दारातूनच म्हणाली. "अळ्या कोष कराय लागल्यात. वास लागला तर अर्ध्यावर सोडत्यात."

राजेश्वरीच्या हातातली उदबत्तीची काडी पेटलेली होती. समोर आईचा फोटो. कालच तेरावं झालं, तेही मळ्यापासून लांब, लोणी भापकरच्या देवळात. कारण घराला लागूनच रेशीमकिड्यांची शेड, तिथं धूर चालत नाही.

"माझ्या आईपुढं उदबत्ती लावायला तुझी परवानगी लागते का गं?"

"माझी कशाला? आत्यांचाच नेम हाय. कोष निघंस्तवर देवापुढंबी नुसती समई."

सासूबद्दल हे 'आत्यांचाच' भावजयीनं ज्या हक्कानं म्हटलं, तो हक्क राजेश्वरीला सोसवेना. तिच्या बाळंतपणात आई इंदापूरला आली आणि तिसऱ्या दिवशी परत गेली. अळ्यांना पाला कोण घालणार? मंदाला मात्र अकरा वर्षं आई रोज मिळाली. पाला किती बारीक कापायचा, कात टाकणाऱ्या अळीला किती उपाशी ठेवायचं, हे आईच्या बोटांतून मंदाच्या बोटांत गेलं. पदर खोचायची ढबसुद्धा. राजेश्वरी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. आपल्या पेशीपेशीत निम्मी आई आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण तुतीचा पाला तिनं कधी कापला नव्हता.

ती उठली आणि जळती काडी घेऊन थेट शेडकडे निघाली.

मंदा मागोमाग आली. ओरडली नाही. दारातल्या चुन्याच्या पट्ट्याशी तिनं नुसती वाट अडवली. जाळीतून आत चंद्रिका दिसत होत्या; बांबूच्या त्या चटयांवर हजारो अळ्या माना हलवत स्वतःभोवती धागा गुंडाळत होत्या.

"ह्यांच्या अंगाच्या कणाकणात एकच पोथी असती म्हणं," मंदा हळू आवाजात बोलू लागली. "मूळ पोथी पेटीतनं हलत न्हाय. लागंल त्या पानाची नक्कल तेवढी भाईर जाती. मग कारागीर तीन-तीन अक्षरं वाचतो आन् एकेक मणी ओवतो. पर रेशमाचं पान रेशमाच्या पिशवीतच उघडतं. बाकी अंगात हाय तितंच, मिटल्यालं."

राजेश्वरी बघतच राहिली. "हे तुला कुणी सांगितलं?"

"आत्यांनी. दर ब्याचला, अळ्या हितं चढल्या की सुरू. मी म्हणायचे, आत्या, पाठ झालं की आता! तर म्हणायच्या, गप ऐक, माझ्या राजीनं सांगितलंय. कालिजात शिकवती ती."

राजेश्वरीला आठवलं. पेपर तपासता तपासता फोनवर पाच मिनिटांत उरकलं होतं तिनं ते. पाला खाऊन रेशीम कसं निघतं गं, असं आईनं विचारलं होतं. पुन्हा विचारू नये म्हणून डीएनए-प्रथिनांऐवजी पोथी, मणी, कारागीर असं काहीबाही सांगितलं होतं.

दर ब्याचला. वर्षाला चार-पाच ब्याच, अकरा वर्षं. 'माझी राजी' म्हणताना आईचा आवाज कसा व्हायचा, तेही मंदानंच ऐकलं होतं.

"तेवढी काडी, वन्सं..." मंदानं हात पुढं केला.

राजेश्वरीनं काडी दिली नाही. जळतं टोक स्वतःच्याच चिमटीत धरलं आणि विझेपर्यंत सोडलं नाही.

मग घरात येऊन तिनं ती विझलेली काडी फोटोपुढच्या तांदळात तशीच उभी खोचली.