एक पालथी, एक उताणी

“चहा ऱ्हाऊ दे रं बाळासो, नुसत्या बशा आण!” मौलालीचाचा रस्त्याच्या पलीकडून ओरडले.

चहाच्या हॉटेलात चहा नको, नुसत्या बशा आण म्हणणारं गिऱ्हाईक दुसरं कुणी असतं, तर मी त्याला बशीच फेकून मारली असती. पण शिवाजी पेठेत मौलालीचाचांना उलट बोलायची कुणाची टाप नव्हती. त्यांचं दुकान माझ्या हॉटेलाच्या बरोबर समोर. छऱ्याच्या बंदुका दुरुस्त करायचं. जत्रेत फुगे फोडणाऱ्यांच्या बंदुका यायच्या, रायफल क्लबातल्या यायच्या. दुकानाच्या मागच्याच दोन खोल्यांत ते आणि शमशादचाची राहायचे. पोरबाळ नव्हतं. मी ओल्या हातानंच पाच-सहा बशा उचलल्या आणि गेलो.

समोर स्टुलावर दत्तोपंत मास्तर बसले होते. शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेला माणूस, पण जन्मभर नाद एकच, नेमबाजीचा. त्यांच्या जावयानं जर्मनीहून त्यांना एक बंदूक आणून दिली होती. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. तसली बंदूक पेठेत कुणी बघितली नव्हती. नळीखाली दाबून भरलेल्या हवेची टाकी, आणि आत अंगठ्याएवढा एक भाग. टाकीतली हवा एकदम न सुटता दर छऱ्याला मोजकीच यावी, हे त्याचं काम. मास्तर त्याला रेग्युलेटर म्हणायचे. चाचा म्हणायचे वाढपी. “पंगतीत समद्यांस्नी सारखं वाढतंय ते,” असं त्यांचं म्हणणं.

तर तो वाढपी बिघडला होता. एक छर्रा वर, एक खाली. त्याच्या आत चार आण्याच्या नाण्याएवढ्या पोलादी वॉशरची चळत असते. मधे भोक, आणि आकार बशीसारखा, किंचित खोलगट. तीच त्याची स्प्रिंग. त्या बशा थकून सपाट झाल्या होत्या.

“हे बघा मास्तर,” चाचांनी माझ्या बशा एकीत एक ठेवल्या. “समद्या एकाच तोंडानं ठेवल्या तर एकमेकीत बसत्यात. दगड झाला की! त्यो काय दबतोय? आन् आता बघा.” त्यांनी बशा परत मांडल्या. “एक पालथी, एक उताणी. एक पालथी, एक उताणी. आता पोटात पोकळी हाय. दाबली की बसंल, सोडली की उठंल. कळलं?”

“कळलं.”

“कुठलं कळतंय! पालथ्या घड्यावर पाणी,” चाचा म्हणाले, आणि दोघंही हसले. चाळीस वर्षांची दोस्ती होती. मास्तरांना असं बोलायची परवानगी गावात फक्त चाचांना होती.

“पण पुढच्या रविवारी पुण्यात सामना आहे, मौलाली. नोकरीत असताना कधी जमलं नाही. आता गुडघे चालतायत तोवर एकदा उभं राहायचंय.”

“उभं ऱ्हावा की. बंदूक माझ्याकडं हाय न्हवं?”

तसले वॉशर कोल्हापुरात कुठे मिळणार? पण चाचा उद्यमनगरात कारखाना-कारखाना फिरले. कुठल्याशा परदेशी ग्राइंडरच्या बेअरिंगखाली तसेच वॉशर असतात म्हणून एका भंगारवाल्याचं डोकं खाल्लं. प्रत्येक वॉशर फरशीवर टाकून कानानं ऐकायचा. खणखणीत वाजला तर खिशात, बद्द वाजला तर परत. भंगारवाला म्हणाला, “चाचा, वॉशर घेतायसा का मडकं?” शेवटी मूठभर वॉशर मिळाले. जरा मोठेच होते. ते कडेनं घासून लहान करायचे, आणि घासताना सारखे पाण्यात बुडवायचे. तापले की पोलादाची ताकद गेलीच.

पुढचं काम शमशादचाचींचं. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ओला करून अंथरायचा आणि त्यावर एकेक बशी बोटाच्या टोकानं गोल गोल फिरवायची. कडेची बोच जायला पाहिजे, पण जाडी जायला नको. मग ती काचेवर पालथी ठेवून उजेडाकडे धरायची. कडेखालून उजेड दिसला की पुन्हा घासायची. सगळ्या झाल्या की शेगड्यात, म्हणजे टेबलाच्या लोखंडी पकडीत, आवळून दुसऱ्या दिवसापर्यंत दाबून ठेवायच्या. सोडल्यावर ज्या जागच्या जागी उठतील त्या आपल्या. बसल्या त्या फेकायच्या. “बसायचंच असंल तर हितंच बसू दे, बंदुकीत नगं,” चाची म्हणायच्या.

असलं घासायचं-पारखायचं काम त्या लग्न होऊन आल्यापासून करत होत्या. आणि चाचा? एकेक वॉशर डोळ्याजवळ नेऊन नाक मुरडायचे. “हात जड हाय तुझा. ही कड बघ. म्हस घासल्यागत घासलीस.” आणि तोच वॉशर बंदुकीत घालायचे!

“एकदा तरी चांगलं म्हणाले असतील तर शपथ,” चाची मला सांगायच्या. तक्रार म्हणून नाही, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. पण लागत असणारच. माणूसच ना ते.

त्या दिवसांत चाचा एकदा चहा पिऊन कप परत पाठवायचे आणि लगेच ओरडायचे, “अरं, चहा कुठाय?” मी म्हणायचो, “चाचा, पोटात बघा, असंल.” सगळं हॉटेल हसायचं. एकदा मला त्यांनी माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली. त्यावरही आम्ही हसलो. दारात उभ्या चाची मात्र हसल्या नाहीत.

बुधवारी बंदूक तयार झाली. गुरुवारी मास्तर ती घेऊन क्लबात गेले आणि तासाभरात लालबुंद होऊन परत आले.

“मौलाली, चारचौघांत नाक कापलंस माझं! घोडा पडतो, टक्क होतं, आणि छर्रा नळीतच. पोरं फिदीफिदी हसली मला.”

“माझ्या हातचं काम हाय ते!” चाचा उसळले. “तुमीच कायतरी उचकटलं असंल.”

“मी स्क्रूला हात लावला असेल तर हात झडेल.”

“मग क्लबात कुणी लावला?”

आवाज चढले तसा मी हॉटेल सोडून धावलो. चाची आतून आल्या. “अवो, भांडण कशाला? उघडून बघा की,” एवढंच बोलल्या.

चाचांनी टाकीतली हवा सोडली, वाढपी बाहेर काढला, उघडला आणि आतली चळत फडक्यावर ठेवली. त्या तेवढ्याशा बशा. सगळ्या एकाच तोंडाच्या. एकीच्या पोटात एक, गच्च.

माझ्याच बशा मांडून माझ्यासमोर शिकवलेलं. मला लांबूनसुद्धा दिसलं. मास्तरांना दिसलं. चाचींनी तर पदरच तोंडाला लावला. चाचांनी चळत उचलली, डोळ्याजवळ नेली, फिरवून फिरवून बघितली, आणि म्हणाले,

“बरोबर तर हाय की.”

चहावरून केलेली ती सगळी मस्करी मला आठवली आणि माझीच मला लाज वाटली.

मास्तर खाकरले. एवढा फटकळ माणूस, पण आवाज अगदी खाली आला. “बरोबर आहे, मौलाली. मीच हवा कमी भरली असेल. राहू दे इथं, उद्या बघू.”

“तेच म्हंतोय मी,” चाचा म्हणाले, आणि मला, “बाळासो, चहा सांग.” नुकताच झाला होता. मी सांगितला.

संध्याकाळी शमशादचाची माझ्या हॉटेलात आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कधी पायरी चढली नव्हती. मास्तर कोपऱ्यात बसले होते, त्यांच्यासमोरचा चहा गार झालेला. चाची उभ्याच राहिल्या.

“मास्तर, दुसऱ्याकडं नेणार बंदूक?”

“रविवार तोंडावर आलाय, शमशादबाई. इचलकरंजीत एक जण आहे म्हणतात.”

“न्हेऊ नगासा. तुमी गेलासा की समदे जात्याल. उद्या दुकानाची फळी उघडली न्हाई तर ह्यो माणूस कशाला उठंल सकाळी? धा म्हयन्यापास्नं बघतीय मी. भाच्यांची नावं इसरतंय, माझ्या भावाला वळखलं न्हाई. पर फळी उघडली की शाणं हुतंय. तेवढंच ऱ्हायलंय त्याचं.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “मग तुम्हीच बसवा ना. तुम्हाला येतं सगळं.”

“बसवीन की,” चाची म्हणाल्या. “पर त्यांच्या हातानं.”

दुसऱ्या दिवशी मास्तरांना आणि मला दुकानात बसवून घेतलं त्यांनी. म्हणाल्या, “अवो, मास्तरांस्नी बघायचं हाय तुमी कसं बसवताय ते.” चाचा खुलले. वाढप्याचा बशा ओवायचा दांडा उभा धरला. चाची शेजारी बसल्या आणि तळहात पुढे केला. तळहातावर एक बशी, पालथी. चाचांनी उचलली, तशीच दांड्यात घातली. चाचींनी दुसरी ठेवली, उताणी. चाचांनी उचलली, तशीच घातली. तळहातावर जशी असेल तशी ती दांड्यात जायची. चाची तोंडानं काही बोलत नव्हत्या, फक्त तळहात पुढे यायचा आणि मागे जायचा.

“बघताय न्हवं मास्तर?” चाचा मधेच म्हणाले. “नजर लागती ह्याला.”

“बघतोय,” मास्तर म्हणाले. बघत होते ते चाचींच्या हाताकडे.

मागच्या अंगणात भिंतीला फळी टेकवून मास्तरांनी छर्रे मारले. सगळे एका भोकाच्या आसपास, एका बोटात झाकतील असे. चाचांनी मांडीवर थाप मारली. “म्हटलं न्हवतं? म्हणं बंदूक बिघडली! नेम बिघडलाय मास्तरचा.”

“व्हय बाबा, माझाच,” मास्तर म्हणाले. जन्मात पहिल्यांदा चूक कबूल केली त्यांनी, तीही न केलेली.

पुण्यात मास्तर हरले. पदक नाही, काही नाही. आले ते थेट दुकानात, आणि पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हात थरथरला माझा. बंदूक नाही थरथरली!” त्यानंतर क्लबातल्या बंदुका सगळ्या इकडेच यायला लागल्या. इचलकरंजीवाल्याचं नाव कुणी काढलं नाही.

दोन वर्षं दुकान असं चाललं. फळी चाची उघडायच्या, पण शेवटची एक फळी चाचांसाठी ठेवायच्या. स्क्रू असो, वॉशर असो, सगळं चाचींच्या तळहातावरून चाचांच्या बोटांत जायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, बायको मदत करतीय. मीही कुणाला सांगितलं नाही. चहा मात्र ते मागतील तितक्यांदा द्यायचो, अर्धा अर्धा.

आणि मग तो दिवस. मी चहा घेऊन गेलो तर मास्तरांची जर्मन बंदूक पुन्हा उघडलेली होती. चाचा दांडा धरून बसलेले, चाची शेजारी. चाचांनी तळहातावरची बशी उचलली, सवयीनं डोळ्याजवळ नेली. आता नाक मुरडणार, असं मला वाटलं. पण ते थांबले. कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले,

“बाळासो, ही बाई कोण रं?”

मी चाचींकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही.

“का हो चाचा?” मी कसंबसं विचारलं.

“न्हाई, हात लई चांगला हाय हिचा. अशी कड मी हयातीत बघितली न्हाई. हिला दुकानात ठिवून घ्याय पायजे. इचार तिला, ऱ्हाती का?”

चाचींचा तळहात हवेतच थांबला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ मात्र हसायला आले होते. असं तोंड मी पुन्हा कुणाचं बघितलं नाही.

“ऱ्हाते की,” त्या म्हणाल्या, आणि पुढची बशी उताणी करून तळहात पुढे केला.