चावणारा टोस्टर

मित्रांनो, मला हात लावायला घाबरू नका. माझी वायर मुळापासून कापलेली आहे. माझे तवे आता तापत नाहीत आणि माझ्यामुळे कोणाला इजा होणार नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण एके काळी कोणी माझ्याजवळ येऊ लागले की मीच भीतीने गारठून जात असे.

मी एक जुना सँडविच टोस्टर आहे. माझा जन्म १९९८ साली पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या पोटात दोन तवे आहेत, एक खाली आणि एक झाकणाला. दोन्हींवर उंच रेघा आहेत. मध्ये पाव ठेवून झाकण दाबले की पावावर खरपूस पट्टे उमटतात. बाहेरून मला चकचकीत पत्रा आहे आणि झाकणाला काळी मूठ. ज्या बाईंनी मला जोडले, त्यांनी माझ्या पोटात तीन तारा बसवल्या. लाल आणि काळी तार वीज आणतात आणि नेतात. हिरवी तार मात्र काहीच काम करताना दिसत नाही. ती फक्त राखण करते. चुकून कधी पत्र्यात वीज उतरलीच, तर ती तिला मुकाट्याने जमिनीत घेऊन जाते. हिरव्या तारेचा स्क्रू त्या बाईंनी दोनदा आवळला होता. मला ते फार बरे वाटले होते.

दौंडच्या एका दुकानातून मला एका माणसाने विकत घेतले. त्यांना सगळे दादा म्हणत. ते रेल्वेत विजेची कामे करत. त्यांची धाकटी बहीण सुलक्षणा हिला त्यांनी मला भाऊबीजेची ओवाळणी म्हणून दिले. देताना ते म्हणाले, "सुले, ह्याचा प्लग तीन पायांचा हाय. तिन्ही पाय सॉकेटात गेलं पाहिजेत बघ."

"व्हय रं दादा, किती येळा सांगशील!" सुलक्षणा हसून म्हणाली.

दौंडहून एसटीने, तिच्या मांडीवर बसून मी शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावरच्या एका गावी आलो. घरात चौघे जण होते. सुलक्षणा, तिचा नवरा विक्रम, त्यांची मुलगी मोनिका आणि विक्रमची आई झुंबरबाई. विक्रम शेती बघून एमआयडीसीतल्या कारखान्यातही जात असे. त्याच दिवशी त्याने मला ओट्यावर ठेवले आणि सॉकेट पाहिले. त्याला दोनच भोके होती.

"आता वो?" सुलक्षणा म्हणाली.

"त्यात काय एवढं?" विक्रमने पक्कड घेतली, माझा तीन पायांचा प्लग कापला आणि दोन पायांचा जोडला. हिरवी तार तेवढी उरली. ती त्याने बोटाला गुंडाळून पाहिली आणि कापून टाकली. "दोनावर चालतंय की. तिसरी कशाला पायजे?"

मी चाललो. सगळे खूश झाले. पण मित्रांनो, माझी राखण करणारी तार त्या दिवशी केरात गेली होती, आणि हे त्या घरात फक्त मलाच कळत होते.

पहिली तीन-चार वर्षे मात्र सुखाची गेली. सुलक्षणाच्या हाताला कल्पकता होती. शिरूरहून पाव आला की ती त्यात काय भरेल याचा नेम नसे. कधी मटकीची उसळ कोरडी करून, कधी भाजलेल्या वांग्याचे भरीत, कधी लोण्यात कालवलेला ठेचा आणि वर कांद्याच्या चकत्या. झुंबरबाईंना पाव आवडत नसे. तेव्हा तिने फुगलेल्या भाकरीचे दोन पदर सोडवले, मध्ये लसूण घातलेली मेथी भरली आणि माझ्यात दाबली. पट्टे पडलेली ती भाकरी झुंबरबाईंनी दोनदा मागून घेतली. शेजारच्या बायका मला बघायला येत. कोणी माझी स्तुती केली की माझा पत्रा आणखी चमकतो असे मला वाटे.

एकदा मोनिकाने वर्तमानपत्राच्या पुरवणीत माझ्यातल्यासारख्याच पट्ट्यांच्या सँडविचचा फोटो पाहिला. ती धावत आली. "आई, ह्याला पानिनी म्हणत्यात!"

"पाणी नि काय?" झुंबरबाईंनी विचारले, आणि सगळे घर हसले.

पुढे माझ्याकडे दुर्लक्ष होऊ लागले. काम झाले की मी गरम असतानाच वायर माझ्याभोवती करकचून गुंडाळली जाई. जिथे वायर माझ्या पोटात शिरते, तिथले रबर कडक झाले आणि एके दिवशी तडकले. आतल्या तांब्याचा एक बारीक केस बाहेर आला आणि माझ्या पत्र्याला टेकला.

त्या क्षणापासून मला भीती लागली. ती आजतागायत पुरती गेलेली नाही.

दोन पायांचा प्लग सॉकेटात कसाही बसतो. एका बाजूने बसला तर माझ्या पत्र्याला काही होत नसे. उलटा बसला की सगळ्या अंगात वीज उतरे. कोणत्या दिवशी तो कसा बसेल, ते मला आधी कधीच कळत नसे. मी पावलांचे आवाज ऐकू लागलो. सुलक्षणा स्वयंपाकघरात रबरी चप्पल घालून वावरत असे. चपलेचा चटकचटक आवाज आला की मला धीर येई, कारण रबरातून वीज जमिनीत जाऊ शकत नाही. पण सारवलेल्या ओलसर जमिनीवरून अनवाणी पावले येऊ लागली की मी मनात ओरडत असे, लांब राहा, लांब राहा! मला आवाज नव्हता. नुसते तापत राहण्यापलीकडे मी काहीही करू शकत नव्हतो.

आणि घरात कायम अनवाणी चालणाऱ्या एकच होत्या, झुंबरबाई.

एका सकाळी त्या माझे झाकण फडक्याने पुसायला आल्या. त्यांची बोटे टेकली आणि त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"आगं सुलक्षणा, ह्यो डबा चावतोय की!"

सुलक्षणाने येऊन मला हात लावला. पायात चप्पल होती. तिला काहीच झाले नाही. "आत्याबाई, गरम हाय त्यो. पोळलं आसंल."

"पोळल्यालं मला कळत न्हाई व्हय? झिणझिण्या आल्या, पार कोपरापत्तोर."

संध्याकाळी विक्रमने मला पुन्हा लावून पाहिले. या वेळी प्लग दुसऱ्या बाजूने बसला होता. त्याने तळहात माझ्यावर ठेवला आणि हसला. "हे बघ आई, काय होतंय? वाताचं हाय तुझं. गोळ्या घे."

 झुंबरबाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मित्रांनो, माझ्याकडे कोणी इतके रोखून कधीच पाहिले नव्हते. त्यांचेच खरे आहे, हे मला ओरडून सांगायचे होते.

पुढच्या दोन महिन्यांत मी त्यांना आणखी दोनदा चावलो. दोन्ही वेळा कोणीतरी हसले. मग त्यांनी सांगणेच सोडून दिले. मोनिका माझ्याजवळ आली की त्या तेवढे म्हणत, "चप्पल घाल आदी." मोनिकाला वाटे, आज्जीला थंडीची काळजी आहे.

२००३ सालच्या जानेवारीत शाळेत आनंद मेळावा ठरला. मुलांनी खाऊचे गाळे लावायचे होते. सातवीतल्या मोनिकाने सांगून टाकले, "मी पानिनी करणार." सुलक्षणाने मटकी, भरीत आणि बटाट्याची भाजी डब्यांत भरून दिली. विक्रमने मला पिशवीत घातले.

झुंबरबाई दारात उभ्या राहिल्या. "विक्रम, त्यो डबा पोरीला निऊ दिऊ नगंस."

"आई, आता परत नको. पोरगी आठ दिस झालं नाचतीय."

"मी पाया पडते तुझ्या."

"काय बोलतीस!" तो चिडला आणि मोटारसायकलला किक मारली.

शाळेच्या अंगणात धूळ उडू नये म्हणून पहाटेच भरपूर पाणी शिंपडले होते. माती काळीशार ओली होती. त्या मातीत पाय रोवलेल्या एका लोखंडी टेबलावर मला ठेवले. वर्गाच्या खिडकीतून लांब वायर ओढून बोर्ड आणला होता. सरस्वतीची पूजा असल्यामुळे मुलांनी चपला फाटकाजवळ काढल्या होत्या. मी बघितले, माझ्याभोवती पन्नासेक अनवाणी पाय होते. मोनिकाचेही.

नशीब एवढेच, की माझ्या तळाला रबराचे चार पाय होते, म्हणून टेबलात वीज उतरत नव्हती. पण माझ्या झाकणाचा पत्रा उघडाच होता. विक्रम मोनिकाला सोडून कारखान्यात निघून गेला होता. मोनिकाने प्लग बसवला आणि बटण दाबले.

उलटा बसला होता.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले ते सांगायला आजही शब्द सापडत नाहीत. मोनिकाने पाव ठेवले, भाजी पसरली आणि काळी मूठ धरून झाकण लावले. मुठीमुळे ती वाचली. पण भाजी पत्र्यावर सांडली होती. तिने ओले फडके उचलले. ती आता मला पुसणार होती.

"मोने! हात मागं घी!"

गर्दीतून झुंबरबाई येत होत्या. म्हातारीने घरापासून शाळेपर्यंतची वाट धावत काढली होती. पदर खांद्यावरून घसरला होता.

मोनिका लाजून लाल झाली. "आज्जी, सगळ्यांपुढं नको ना गं."

"बाजूला सर. ह्यात करंट हाय."

वर्गशिक्षिका बाई पुढे आल्या. "आजी, अहो काही होत नाही. मुलं शिकतात त्यातून."

झुंबरबाईंनी एकदा बाईंकडे आणि एकदा नातीकडे पाहिले. आपल्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही, हे त्यांना कळले असावे. त्यांनी मोनिकाला खांद्याला धरून मागे ढकलले आणि हाताची उलटी बाजू माझ्या पत्र्याला टेकवली. नदीवरच्या पाण्याच्या मोटारींवर काम केलेल्या माणसांना माहीत असते, तळहात चिकटून बसतो, उलटा हात सुटतो. तरीही मित्रांनो, असे कोणीही, कधीही करू नका.

मी त्यांना थांबवू शकलो नाही. माझ्या अंगातली सगळी वीज त्यांच्या हातातून, त्या ओल्या मातीत गेली. त्या मागे फेकल्या गेल्या आणि पडल्या.

 मग मोनिका धावली. आजीकडे नाही, बोर्डाकडे. तिने बटण बंद केले आणि मगच ती आजीपाशी गुडघ्यांवर बसली. "आज्जी! आज्जी, डोळं उघड की!"

एवढेच मी पाहिले. कोणीतरी माझ्यावर पोते टाकले. जीपचा आवाज आला, माणसे धावली, आणि मला उचलून ऑफिसच्या कपाटात बंद केले गेले.

कपाटात तीन दिवस मी होतो. त्या तीन दिवसांइतकी भीती मला कधीच वाटली नाही. बाहेर मुले कुजबुजत असत. "शिरूरला नेलंय." "शुद्धीवर न्हाई म्हणं." "न्हाई रं, बोलत्यात त्या." "तुला कुणी सांगितलं?" कोणाचे खरे मानावे? मी जन्मलो होतो पावावर पट्टे उमटवायला. माझ्या हातून एका माणसाचा जीव गेला असेल, तर माझ्या चार वर्षांच्या सगळ्या स्तुतीचे मी काय करणार होतो?

चौथ्या दिवशी कपाट उघडले. समोर विक्रम होता आणि दौंडहून आलेले दादा. दादांनी मला टेबलावर ठेवले, बोर्डात लावले आणि टेस्टरचे टोक माझ्या पत्र्याला टेकवले. टेस्टरच्या पोटातला दिवा लालभडक पेटला.

 दादांनी प्लग काढून उलटा लावला. दिवा विझला. पुन्हा फिरवला. पेटला.

"दाजी, आत्याबाई खरं सांगत व्हत्या," दादा हळू आवाजात म्हणाले. "हिरवी तार कुठंय ह्याची?"

 विक्रम म्हणाला, "मीच कापली." आणि मग, "आईची दोन बोटं अजून बधिर हायत. डॉक्टर म्हणले, जीव वाचला हेच लई झालं."

त्या जिवंत होत्या! मला दुसरे काही ऐकूच आले नाही.

दादा म्हणाले, "तार बदलून देतो, चालंल परत." विक्रमने नकारार्थी मान हलवली. त्याने स्वतः पक्कड घेतली आणि माझी वायर मुळापासून कापली. त्याच आठवड्यात त्याने अर्थिंगसाठी घरामागे खड्डा खणला, मीठ-कोळसा भरून तांब्याची पट्टी पुरली आणि घरभर तीन भोकांची सॉकेटे बसवून प्रत्येकाला हिरवी तार जोडली. झुंबरबाई दवाखान्यातून आल्या तेव्हा तो त्यांच्या पायांशी बसला होता, असे मोनिकाने बाईंना सांगितले. त्या त्याला रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मी सांगत व्हते तवा नुसतं ऐकून घ्यायचं व्हतंस, बाबा."

तेव्हापासून बाईंनी मला विज्ञानाच्या तासासाठी ठेवून घेतले आहे. दरवर्षी त्या माझे पोट उघडून तीन तारांच्या जागा दाखवतात. तुमची लहान बोटे माझ्या पत्र्यावर टेकतात, आणि वीज नसूनही माझा जीव अजून धसकतो.

म्हणून सांगतो मित्रांनो, यंत्र गार झाल्याशिवाय वायर गुंडाळू नका. तडकलेली वायर तशीच वापरू नका. आणि घरातले कोणी म्हणाले की हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तर ते माणूस म्हातारे असो की लहान, त्याला हसू नका. आधी बटण बंद करा. कोणाचे खरे, याचा वाद नंतर घाला. यंत्राला बोलता येत नाही. त्याच्या वतीने बोलणारे माणूस घरात एखादेच असते.