आरशावरचं विसावं नाव

लेकीला, मर्टलला, जुळं झालं ते साल एकोणीसशे त्रेपन्न. जेबेझ ट्रुइनच्या घरात त्या वर्षाला दुसरं नाव कधी पडलंच नाही. मर्टलकडे पाळणा एकच होता, म्हणून दुसऱ्या पोरीला बटाट्याच्या खोक्यात निजवत. जेबेझची बायको एटी दिवसभर लेकीकडे असे आणि संध्याकाळी भिजून घरी येई. ऑगस्ट महिना, म्हणजे आमच्याकडचा हिवाळा, थंडी आणि पाऊस. आमच्या रॅग्लन गावच्या डोंगरावर झाड नाही, गवत नाही. तांब्याच्या भट्टीच्या गंधकी धुरानं सगळं केव्हाच खाल्लेलं. पडेल ते पाणी तसंच गावात उतरतं.

गवत उगवत नाही म्हणून आमचं फुटबॉलचं मैदानही खडीचं. शनिवारी मैदानावर कोण कोण पडला, ते सोमवारी खाणीत त्याच्या गुडघ्यांवरून कळायचं. बंदरवाले, म्हणजे बंदरगावचा संघ, इथं खेळायला यायचे ते तोंड वाकडं करूनच. आणि त्या वर्षी शेवटचा मोठा सामना त्यांच्याशीच होता.

कंपनीची एक रीत होती. संघात निवडलेल्या वीस गड्यांना शनिवारची पाळी माफ. आमच्याकडच्या फुटबॉलात चेंडू हातानंही झेलतात आणि खेळ चार पाव भागांचा असतो; अठरा जण मैदानात, दोन राखीव. विसावा गडी अंगावर घोंगडी घेऊन बाकावर बसायचा आणि बहुतेक वेळा घोंगडी घडी करून तसाच घरी जायचा. पण पाळी त्यालाही माफ असे. एकविसाव्याला नसे.

जेबेझ खाणीत लाकडाचे टेकू लावायचा. तीस वर्षं हेच काम. माणूस अबोल, पण लाकूड आणि खडक काय बोलतात ते त्याला कळायचं. त्या बुधवारी सातव्या बोगद्यात तो टेकू तपासत होता. जुनं लाकूड कण्हत होतं, हे नेहमीचंच. पण मधूनच वरून चिमूटभर बारीक खडी पडे, थांबे, पुन्हा पडे. कोणीतरी वर बसून चाळण हलवावी तसं. आणि डब्यातल्या भाकरतुकड्यासाठी पायात घोटाळणारे उंदीर दोन दिवस दिसले नव्हते.

त्यानं पाळीचा मुकादम राउस याला सांगितलं, "सातव्यात आवाज येतोय."

राउसनं पहार घेऊन छताला दोनचार ठिकाणी ठोकून पाहिलं. म्हणाला, महिनाभर तरी हलत नाही. गुरुवार-शुक्रवार पंपाची दुरुस्ती आहे, तेव्हा सातवा बंदच. शनिवारी मधला खांब काढून घेऊ, त्यात चांगलं तांबं आहे. मग बोगदा सोडूनच देऊ.

मधला खांब म्हणजे छत तोलायला मुद्दाम ठेवलेला खडक. तो काढायला सातव्यातली नेहमीची तीन माणसं जाणार होती: आर्टी हॉकिंग, डिनी फॅरल आणि लोर्न. लोर्न हा जेबेझचा मुलगा, एकोणीस वर्षांचा.

संध्याकाळी जेबेझ घरी आला. एटीनं जेवायला वाढलं, पोरींचं वजन वाढल्याचं सांगितलं, आणि जेबेझ नुसता मान हलवत राहिला. समोर लोर्न दुसऱ्यांदा वाढून घेत होता. त्याला सांगावं? खाणीत एक रीत आहे. खडक पडेल असं तोंडानं म्हणायचं नाही. मुकादमाला एकदा सांगायचं, तेही 'आवाज येतोय' एवढंच. गड्यांत बोललं की एकतर ते ऐकून खडक पडतो, नाहीतर बोलणाऱ्याला जन्मभर भित्रा म्हणतात. शिवाय पोराला सांगून उपयोग नव्हता. त्या वयात भीती ही बापाची चीज असते. तो हसला असता आणि गेला असता.

मग जेबेझला विसावा गडी आठवला.

संघाची निवड गुरुवारी संध्याकाळी वॉल पॅस्कोच्या केशकर्तनालयात व्हायची. वॉल न्हावी आणि निवड समितीचा प्रमुखही. समितीचे बाकी दोघं आतल्या खोलीत बसत, दार उघडंच असे, आणि बाहेर गाव भांडत असे. नाव ठरलं की वॉल दाढीच्या साबणात बोट बुडवून ते मोठ्या आरशावर लिही. शनिवारी सामना संपेपर्यंत आरसा पुसायचा नाही. ते दोन दिवस ज्याला दाढी करायची तो गड्यांच्या नावांतून आपलं तोंड शोधायचा.

जेबेझ दुकानात शिरला तेव्हा एकोणीस नावं लिहून झाली होती. विसाव्या जागी वॉल डिनी फॅरलचं नाव लिहीत होता. आणि डिनी स्वतः खुर्चीत होता, गळ्यात टॉवेल, तोंड फेसानं भरलेलं. नाव नेमकं त्याच्या प्रतिबिंबाच्या कपाळावर आलं होतं. लोक हसत होते. पोरगा चपळ होता, सगळ्यांचा आवडता. ईस्टरला त्याचं लग्न झालं होतं.

"विसाव्या जागी लोर्नला घ्या," जेबेझ म्हणाला.

मग कोपऱ्यातून कुरळ्या बोलला. याच्या डोक्यावर एक केस नव्हता म्हणून नाव कुरळ्या. न्हाव्याकडे तो फक्त वाद घालायला यायचा.

"जेबेझ, वीस वर्षांत तू या दुकानात 'मागून बारीक' याच्यापलीकडे एक शब्द बोलला नाहीस. आज बोललास ते हे?"

"बंदरवाल्यांचा मधला गडी साडेसहा फुटांचा आहे. आपल्याकडे बाकावर उंची पाहिजे."

"उंची आहे रे लोर्नला. पण तो वळेपर्यंत बंदरवाले तीन गोल करून चहा पिऊन येतील."

हसू उसळलं. कुणी म्हणालं, लोर्नला पळताना पाहिलं की खाणीतली भरलेली ढकलगाडी आठवते, तीही चढावर. कुणी म्हणालं, बाकावर बसायचंच आहे तर मग तिथं देखणा तरी बसवा. एका म्हाताऱ्यानं विचारलं, विसाव्या माणसासाठी एवढं भांडण कशाला, तो काय फक्त घोंगडीनं ऊब धरावी म्हणून असतो. त्यावर पुन्हा हसू. जेबेझ तसाच उभा राहिला आणि बोलत राहिला. पावसानं खडी घसरते आहे, हलका गडी टिकणार नाही. गेल्या वर्षी बंदरावर शेवटच्या पाव भागात उंच झेल कोणी घेतला नाही म्हणून हरलो, ते विसरलात का. एकोणिसावाही बुटका, विसावाही बुटका, उद्या मधल्या गड्याला लागलं तर काय त्यांना स्टुलावर उभं करणार? हे सगळं त्यानं दिवसभर मनात घोकलं होतं. मुद्दे खोटे नव्हते. म्हणून तर ते चालले.

"बाप बोलतोय," कुणीतरी हळू म्हणालं.

"बापच बोलणार," जेबेझ म्हणाला. "तुम्ही बोलत नाही म्हणून."

वॉलनं वस्तरा खाली ठेवला. आत जाऊन दोघांशी कुजबुजला. बाहेर आला आणि म्हणाला, मुद्दा उंचीचाच असेल तर जेबेझचं खोटं नाही. मग डिनीकडे वळला. "डिनी, तुला काही म्हणायचंय?"

डिनीच्या ओठांवर फेस होता. त्यानं फक्त खांदे उडवले आणि बोटानं आरशाकडे खूण केली: पुसा.

वॉलनं त्याच्याच गळ्यातला टॉवेल घेऊन नाव पुसलं. काचेवर एक धुरकट पट्टा राहिला, आणि त्यामागे डिनीचा चेहरा. त्या पट्ट्यावरच वॉलनं लोर्न ट्रुइन असं लिहिलं.

जेबेझनं श्वास सोडला. त्यानं खुर्चीची पाठ धरली. ती डिनीचीच खुर्ची होती. आरशात पाहिलं तर डिनी त्याच्याकडे बघून, फेसातून, डोळा मिचकावत होता. तेव्हा जेबेझला कळलं. जेबेझ म्हणजे रविवारी चर्चमध्ये गाणं म्हणणारा, कुणाची काडी न उचललेला माणूस. त्यानं आत्तापर्यंत फक्त लोर्नला काढण्याचाच विचार केला होता. लोर्नऐवजी कोण राहतो, हा विचार दारापर्यंतही आला नव्हता. आता तो आत येऊन बसला.

शुक्रवारी दुपारी तो डिनीच्या घरी गेला. डिनी अंगणात लाकडं फोडत होता. त्याची बायको नोला दारात उभी राहून ढिगाऱ्याच्या आकाराला नावं ठेवत होती. ती आत जाईपर्यंत जेबेझ हवापाण्याचं बोलला.

मग म्हणाला, "डिनी, उद्या पाळीला जाऊ नको."

"का हो, म्हातारबा?"

शब्द ओठांपर्यंत आले होते. पण ते बाहेर काढले तर त्यांच्या मागोमाग दुसरं एक बाहेर येणार होतं: मग लोर्नला बाकावर का बसवलंत? जेबेझनं डोंगराकडे पाहिलं.

"पाऊस फार आहे," तो म्हणाला.

डिनी हसला. "म्हातारबा, पाऊस वर पडतो. मी खाली असतो."

"पोट दुखतंय म्हणून सांग."

"सामन्याच्या दिवशी पोट दुखलं, तर राउस म्हणेल विसावं नाव पुसलं म्हणून दुखलं. गाव म्हणेल रुसला." त्यानं कुऱ्हाड लाकडात रुतवली. "लोर्नला सांगा, ती घोंगडी माझी आहे. खाऊन हात पुसू नको तिला."

जेबेझ फाटकापर्यंत गेला. परत वळला. "मधल्या खांबापाशी जरा कान उघडे ठेव," एवढं म्हणाला. डिनीनं हात वर केला. ऐकलं की निरोप घेतला, ते कळलं नाही. वाटेत राउसचं घर लागलं. जेबेझ त्या दारापाशी थांबला, हात वर नेला, आणि मग खाली आणला. एकदा सांगायचं असतं. त्यानं एकदा सांगितलं होतं.

शनिवारी बंदरवाले आगगाडीनं आले. पाऊस उघडला होता. सगळं गाव कुंपणाला लागलं. मटणाचे गरम पॅटिस, बाया, पोरं, ओले कोट. एटी एका नातीला शालीत घेऊन आली होती. लोर्न बाकावर बसला होता, गुडघ्यांवर घोंगडी. जेबेझ त्याच्याकडे बघत नव्हता. मैदानाकडेही नाही. त्याचा कान डोंगराकडे होता. प्रत्येक पाव भाग संपला की घंटा व्हायची आणि प्रत्येक घंटेला तो दचकायचा. एटीनं विचारलं, थंडी वाजते का? तो हो म्हणाला.

दोन भाग झाले. काही झालं नाही. आर्टी आणि डिनी आता डबे उघडून बसले असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. कदाचित राउस बरोबर असेल. कदाचित आपण म्हातारे झालो. साप साप म्हणून भुई धोपटली, आणि एका पोराचा सामना बुडवला, इतकंच. सोमवारी डिनीला बिअर पाजू. ही कल्पना त्याला इतकी गोड वाटली की एटीच्या हातातलं पॅटिस घेऊन त्यानं एक घास खाल्ला.

तिसऱ्या भागात आमचा मधला गडी घोटा मुरगळून पडला. एकोणिसावा आधीच आत गेला होता. वॉलनं हाताची खूण केली. लोर्ननं घोंगडी घडी करून बाकावर ठेवली आणि आत गेला. बंदरवाल्यांचा साडेसहा फुटी त्याच्याकडे बघून हसला. पुढचाच चेंडू उंच आला. लोर्न उडाला, आणि तो चेंडू त्यानं त्या उंच माणसाच्या डोक्यावरून, दोन्ही हातांनी, झाडावरून फळ काढावं तसा काढला. कुंपण गरजलं. कुरळ्यानं जेबेझच्या पाठीत थाप मारली. "खरं होतं रे तुझं. उंचीच लागत होती."

तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला.

पाळीचा भोंगा तुटक होतो. हा एकसारखा वाजत राहिला. खडीवर धावणारे पाय जिथल्या तिथं थांबले. पंचानं चेंडू मागून घेऊन काखेत धरला. शाल गच्च आवळली गेल्यानं एटीच्या हातातलं मूल रडायला लागलं. बायका एकमेकींकडे पाहून मोजायला लागल्या: आज खाली कोण आहे. नोला फॅरल खांबाला धरून उभी होती. डिनीचं नाव एरवी आरशावर असायचं; शनिवारी तो खाली असण्याची तिला सवय नव्हती. तिला समजायला वेळ लागला.

कंपनीचा ट्रक फाटकाशी आला. ड्रायव्हर खाली उतरायच्या आतच लोकांनी त्याला गराडा घातला. कोणता बोगदा? कोणता? कितवा? सगळं गाव तोच प्रश्न विचारत होतं, बंदरवालेसुद्धा. जेबेझनं विचारलं नाही. तो कुंपणाला धरून होता तिथंच राहिला. त्याच्या हातात अर्धं खाल्लेलं पॅटिस तसंच होतं.

वॉल पॅस्कोनं ते पाहिलं. विचारलं कुणी आणि विचारलं नाही कुणी, हे न्हाव्याच्या नजरेतून सुटत नाही. त्यानं जेबेझकडे पाहिलं, मग मैदानात उभ्या लोर्नकडे, आणि पुन्हा जेबेझकडे. त्यावर तो आजतागायत बोललेला नाही.

"सातवा," ड्रायव्हर म्हणाला.

लोर्न खडीवरून चालत कुंपणापाशी आला. पुढच्या वर्षी तो रॅग्लन सोडून गेला आणि पत्रं आईलाच लिहू लागला. पण त्या घटकेला तो बापासमोर उभा राहिला आणि त्यानं एवढंच विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठं आवाज आला होता?"

त्या दिवसानंतर जेबेझ वॉलच्या दुकानात गेला नाही. एटी त्याचे केस घरीच, स्वयंपाकाच्या कात्रीनं कापायची.

सामना अर्धाच राहिला. आर्टी हॉकिंग ढकलगाडीमागे होता म्हणून त्याचं मोडक्या खांद्यावर निभावलं. डिनी फॅरल शनिवारी, बावीस ऑगस्ट एकोणीसशे त्रेपन्न रोजी, सामन्याचा तिसरा भाग चालू असताना, सातव्या बोगद्यात मधल्या खांबापाशी वारला.