मुरोईसानांच्या नावाची बाटली

मी एक जुनी बाटली आहे. म्हणजे काच तशी नवीच, पण पोटातली व्हिस्की जुनी! कितीतरी लाकडी पिंपांत ती वर्षानुवर्षं वेगवेगळी झोपली होती. मग कुणा तरबेज नाकाच्या माणसाने सगळ्यांचा संसार एकत्र मांडला आणि मी भरले. नाकं मुरडू नका, मित्रांनो! मी मोठ्यांच्या कामाची आहे, पण माझं दुःख तुम्हालाही कळेल.

जपानातल्या हाकोदाते शहरात, एका चढावर फुसाएसान या बाईचा छोटा बार आहे; 'सान' म्हणजे आपलं 'जी'. इथे गिऱ्हाईक अख्खी बाटली घेतं, तिच्या गळ्यात आपल्या नावाची चिठ्ठी अडकवतं आणि फळीवर ठेवून जातं. माझ्या गळ्यात 'मुरोई' हे नाव आलं. मुरोईसानांनी जन्मभर ट्राम चालवली होती. आधी घोटभर नुसती घ्यायचे आणि म्हणायचे, "मध लागतो हो!" थंडीत गरम पाण्यातून घेतली की माझा वास वाफेवर बसून थेट त्यांच्या चष्म्यावर चढायचा. बर्फ आणि थंड पाण्यात मी गुणी मुलगी व्हायचे. सोड्यात मात्र नुसती खिदळायचे!

शरदात फुसाएसानला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. तिला कसलाच वास येईना. हे तिने कुणाला सांगितलं नाही. त्याच सुमारास शेजारणीने सुकवलेली माकुळं दिली, ती उग्र वासाची मासळी तिने बर्फाच्या पेटीत लादीशेजारीच ठेवली. झालं! बर्फाने सगळा वास पिऊन घेतला.

गिऱ्हाइकं पेला तोंडाला लावायची, क्षणभर थबकायची आणि हसून म्हणायची, "वा, छान!" बाईचं मन कोण दुखवणार? अर्धा पेला ठेवून जायची ती परत यायचीच नाहीत. मुरोईसानही "आज पोट भरलंय" म्हणून उठले. माझ्यावर धूळ बसली. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण माझ्या तोंडाला बूच!

शेवटी फुसाएसानने दाराच्या काचेवर पाटी लावली: 'वर्षअखेर बार बंद होईल.'

ती वाचून मुरोईसान टोपीवरच्या बर्फासकट आत आले.

"नुसती द्या. गरम पाण्यातून द्या. थंड पाणी-बर्फ आणि सोडा-बर्फ, अशीही द्या. थोडी थोडी."

"परीक्षा घेताय की निरोप?" फुसाएसान हसली आणि माझी मान धरून तिने चार पेले भरले.

पहिल्या दोन पेल्यांना त्यांचा चेहरा उजळला. तिसऱ्याला पडला. चौथ्याला तर त्यांनी डोळेच मिटले. मग बर्फाचे दोन्ही पेले त्यांनी तिच्याकडे सरकवले. "तुम्हीच घेऊन बघा."

तिने घोट घेतला. "बरी आहे की."

मुरोईसानांचे कान लालेलाल. वाटलं, आताही "छान" म्हणून उठणार!

"फुसाएसान," ते कसंबसं म्हणाले, "याला माकुळाचा वास मारतोय. बर्फाला."

तिने पेला खाली ठेवला. "मला वासच येत नाही हो. ताप आल्यापासून."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

मुरोईसान उठले आणि बर्फाची लादी माकुळांसकट बाहेर फेकून आले.

"नवी लादी आणा. रोज दार उघडायच्या आधी मी येऊन वास घेत जाईन."

"आणि गेलेली माणसं?"

"एकेकाच्या घरी जाऊन सांगतो. पण पाटी काढा बुवा!"

तिने पाटी काढली नाही. "आधी माणसं येऊ देत," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, माझ्या तळाशी आता जेमतेम दोन घोट उरलेत. ती माणसं परततील की नाही, ते बघायला मी असेन का, कुणास ठाऊक! म्हणून आताच सांगते. कुणाच्या हातचं बिघडलेलं लागलं, तर खोटं हसून पळ काढू नका. दार लावा, जवळ बसा आणि हळूच सांगा. राग आला तर येऊ दे. माणूस तुमच्या खरं सांगण्याने मोडत नाही हो, तुमच्या न येण्याने मोडतं.