मेलेल्या माणसाचं वाक्य

टिलबरी बंदरातल्या बंद पडलेल्या शीतगोदामात सकाळीच टोळीयुद्ध उरकलं. टोळ्या दोन, माणसं मात्र तीच आठ. चार पैशांत सिनेमा काढायचा म्हणजे दुसरं काय होणार! चामडी जाकिटं घातली की गोदीवाले, लांब कोट चढवले की बॅरट बंधूंचे. एका टोळीत मरायचं ते पालथं पडून, म्हणजे तोंड दिसत नाही. मग जेवायचं, कपडे बदलायचे आणि दुसऱ्या टोळीत जिवंत व्हायचं.

नॉर्मन प्लेजरने एकवीस वर्षं हेच केलं होतं. गुडघे कुरकुरायला लागले, तरी पडद्यावर त्याच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नव्हता. आज दुपारी पडणार होता. जाकीट घालून आत यायचं आणि म्हणायचं, "गाडी मागे लावलीय, बॉस. पण आत कोणीतरी बसलंय." तीन आठवडे त्याची बायको बेरिल स्वयंपाकघरात बॉस होऊन, "काय रे, एवढा उशीर?" असं विचारून हे त्याच्याकडून घोटून घेत होती. सिनेमाच्या शेवटी नावांच्या यादीत त्याचंही नाव येणार होतं.

जाकिटाची चेन लावतो न लावतो तोच टॅम्सिन आली. कोणत्या दृश्यात कोण कसं दिसलं, याची नोंद ठेवणारी पोरगी.

"नॉर्मन, सकाळी कोटात मरताना तुम्ही कॅमेऱ्याकडे बघितलंत?"

नॉर्मनने बघितलं होतं. आज आपला दिवस आहे या खुशीत गड्याने चांगलं वळून, डोळे उघडे ठेवून प्राण सोडला होता. कोणी सांगितला होता हा नसता शहाणपणा!

"पुन्हा मरतो की. पालथा."

"रक्ताचा एकच शर्ट होता हो," डायरेक्टर किरन जांभई आवरत म्हणाला. "आणि मेलात झकास तुम्ही. तो शॉट मी ठेवणार. पण मेलेलं तोंड जाकिटात परत कसं दाखवू? वाक्य वेनला देऊ या."

वेन त्याच आठांतला. बिचारा कानकोंडा झाला. नॉर्मननेच त्याला बाजूला नेलं.

"'बॉस' म्हणून झालं की जरा थांब. घाई केलीस तर सगळी माती होते."

वेन थांबला. छान म्हटलं त्याने.

संध्याकाळी बस स्टॉपवर फोन वाजला. बेरिलने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. बॉसच्या घोगऱ्या आवाजात थेट आपलं वाक्य टाकलं, "काय रे, एवढा उशीर?"

नॉर्मनने तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, पण आता ते वेनचं होतं.

"बस चुकली गं," तो म्हणाला.