विचारून येते

मंजुळेच्या नम्रतेचं मंडळीत भारी कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर ते कौतुक तिला आवडायचं. महाडला एका दुकानाच्या माडीवर त्यांची रविवारची प्रार्थनासभा भरे. सगळे आत गाणी म्हणायला बसले की ही दारात चपला ओळीनं लावायची, मागे जाऊन कपबश्या विसळायची. कुणी काही विचारलं तर "पास्टर म्हणतील ते," एवढंच तिचं उत्तर. राजेश पास्टर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "आज्ञा पाळणं शिकायचं तर मंजुळाबाईंकडून." तिनं मान आणखी खाली घातली. मान खाली घातली की चेहऱ्यावरचं हसू दिसत नाही, ही त्यातली सोय.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातली एक वाडी हे तिचं सासर. नवरा गेल्यावर ती प्रभूकडे वळली, बाप्तिस्मा घेतला, आणि थोरला दीर भिकाजी यानं तिचं गाठोडं अंगणात फेकलं. "माझ्या देव्हाऱ्याला नाय म्हणणारी माझ्या घरात नको," म्हणाला. ती महाडला येऊन लोकांची धुणीभांडी करू लागली. आता तोच भिकाजी अंथरुणाला खिळला होता. बायको आधीच गेलेली, मुलगा विपुल मुंबईला नोकरीत, त्याला रजा मिळेना. शेवटी त्यानं काकीलाच फोन केला. काकीनं अर्थातच पास्टरना विचारलं.

"जा," पास्टर म्हणाले. "ज्यानं हाकललं त्याचे पाय धुणं, हीच खरी सेवा."

ती गेली. मनात चीड होती, पण आज्ञा होती. सुरुवातीला भिकाजी तिच्या हातचं पाणी घेईना. शेजारची ठमाबाई येईपर्यंत कोरड्या ओठांनी पडून राही. मंजुळा मुकाट्यानं त्याची घाण काढायची, पाठीवरच्या जखमा पुसायची. मग एका सकाळी त्यानं तिच्या हातून चहा घेतला. माफी मागणाऱ्यातला तो नव्हताच. "साखर कमी हाय," एवढंच बोलला. तिला फार बरं वाटलं. रविवारी मंडळीपुढे सांगायला चांगली साक्ष मिळाली, हेही मनात येऊन गेलं.

घर झाडायची, अंगण सारवायची, पण अंगणातल्या तुळशीला तिनं हात लावला नाही. जुनी पूजाअर्चा सोडली असा बाप्तिस्म्याच्या वेळी शब्द दिलेला. तुळशीला पाणी ठमाबाई घाली.

त्या दुपारी अख्खी वाडी खाली लग्नाला गेली होती. भिकाजीला घरघर लागली. त्यानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"मंजुळे, तुळशीचं पान आण गो. पाण्यात बुडवून घाल तोंडात. माझं भरलं."

तुळस उंबऱ्यापलीकडेच होती. मंजुळेनं वाटी उचलली आणि थबकली. घातलं तर शब्द मोडतो. नाही घातलं तर म्हातारा तसाच जातो. इतक्या वर्षांत तिनं स्वतःच्या मनानं काही ठरवलंच नव्हतं, आणि त्यालाच ती नम्रपणा समजत आली होती.

"थांबा भावजी," ती म्हणाली. "विचारून येते."

मरणाऱ्या माणसाला थांबा म्हणाली बाई.

वाडीत मोबाईलला रेंज नाही, ती वरच्या माळावर लागते. मंजुळा उन्हात धापा टाकत चढली. पास्टर फोन उचलेनात. करवंदीच्या जाळीपाशी उभी राहून ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. खाली घराची कौलं दिसत होती. पळत जावं असं वाटे, पण न विचारता कसं करायचं? अखेर त्यांनी उचलला. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"तुम्ही त्यांना तसंच टाकून आलात?" पास्टरनी विचारलं.

"विचारायला आले."

"अहो, यात मला काय विचारायचं? तुम्हाला सेवेला पाठवलं ना? माणूस मागतोय, द्या त्याला. तुमचा विश्वास एका पानानं जात नाही. जा, पळा."

ती पळाली. अंगणातून पान खुडलं, वाटीत बुडवलं, आत गेली. भिकाजी गेला होता. तोंड उघडं, मान दाराकडे वळलेली. आताही पान घालता आलं असतं. पण परवानगी जिवंत माणसापुरती मिळाली होती, मेलेल्याचं तिनं विचारलं नव्हतं. तिनं पान बाजूला ठेवलं. डोळे मिटले, उघडं तोंड बरं दिसेना म्हणून हनुवटी फडक्यानं आवळून बांधली, आणि माळावर जाऊन विपुलला फोन केला.

तो गाडी करून दिवेलागणीला पोचला. लग्नाहून परतलेली माणसं त्याच्या मागोमाग आत आली.

"काकी, बाबांच्या तोंडात तुळस घातलीस ना?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाय घातली," ती म्हणाली. "मागितली त्यांनी. मी विचारायला गेलेले."

"कोणाला?"

तिनं मान खाली घातली. विपुलनं फडकं सोडलं. जबडा घट्ट बसला होता. त्यानं बोटांनी उघडायचा प्रयत्न केला, आणि मग बाजूला सरकला.

"तुझ्याकडं मागितलेलं ना," तो हळू आवाजात म्हणाला. "मग तूच घाल."

मंजुळेनं कोणाला विचारलं नाही. सगळ्या वाडीदेखत पान खुडून आणलं, पाण्यात बुडवलं, आणि गुडघे टेकून त्याच्या ओठांवर धरलं. पाणी हनुवटीवरून ओघळलं. पान आत जाईना. "घ्या भावजी," ती म्हणत राहिली, "घ्या ना." ठमाबाईनं हात धरून तिला मागे ओढेपर्यंत ती ते पान त्या मिटलेल्या ओठांत दाबत होती.