पेवातली हवा आणि माझा पारा

मी एक तापमापक. हायस्कुलाच्या प्रयोगशाळेतला, काचेच्या नळीचा, वीतभर लांबीचा. मुलं मला थर्मामीटर म्हणतात. मला चढणं आणि उतरणं एवढंच येतं. पण जे पाहिलं ते एकदा सांगून टाकावं असं फार दिवसांपासून वाटतंय.

एका कारागिरानं भट्टीपुढं बसून माझी नळी ओढली, तळाशी फुगा फुंकला, त्यात पारा भरला. मग आधी बर्फात आणि नंतर उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून माझ्या अंगावर शून्य आणि शंभर कोरले. तो चटका अजून आठवतो. त्याच दिवशी माझा जुळा भाऊ जन्मला. कोंड्यानं भरलेल्या एकाच खोक्यातून आम्ही सांगलीजवळच्या एका कृष्णाकाठच्या गावात आलो. साल असेल १९९०.

पाच वर्षं कपाटात गेली. अधूनमधून बाहेर काढलं तर मुलं चहा ढवळावा तसं मला घेऊन चंचुपात्रातलं पाणी ढवळायची. माझ्याकडं बघायचं असतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मग प्रशांत लोखंडे विज्ञान शिकवायला आला. याच गावचा, बौद्धवस्तीतला, घरातला पहिला पदवीधर. त्यानं मला धुतलं, कपड्यानं पुसलं आणि सावलीत धरून आकडा वाचला. त्या दिवशी मी कामाला लागलो.

त्याचे वडील राजाराम हळदीच्या पेवांवर हमाल होते. आमच्या गावच्या चिवट मातीत ही पेवं खोदलेली आहेत. तोंड एक माणूस उतरेल एवढं आणि पोट वीस-पंचवीस फूट खोल. आत हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकतात. वर्षा-दोन वर्षांनी उघडलं, की आतल्या हवेत माणूस जगत नाही. बंद अंधारात हळद, पाला आणि त्यांतले बारीक जीव चांगली हवा संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. तो जड असतो, तळाशी साचतो. म्हणून आधी कंदील सोडायचा. तो जळत राहिला तर माणसानं उतरायचं. कोंडीबा नावाचा राजारामांचा सोबती ही चाचणी न करता उतरला होता. तो जिवंत वर आला नाही.

१९९६ च्या फेब्रुवारीत प्रशांतनं वडिलांना एक विचित्र काम सांगितलं. “आबा, मला पेवातली हवा आणून द्या.”

“हवा? ती काय पिशवीत भरून आणू?”

प्रशांतनं काचेची बरणी पाण्यानं भरली, दोन दोऱ्या बांधल्या. राजारामांनी वरूनच ती उघड्या पेवाच्या तळाशी सोडली, दुसऱ्या दोरीनं उपडी केली, पाणी सांडलं आणि त्या जागी पेवातली हवा शिरली. ती सरळ करून वर ओढताच प्रशांतनं बूच बसवलं. थोडी हवा चुन्याच्या निवळीत सोडली तर निवळी दुधाळ झाली. राजाराम त्या रिकाम्या दिसणाऱ्या बरणीकडं बघतच राहिले.

“आमच्या कोंडीबाला हिनंच नेलं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात दोन बरण्या ठेवल्या. एकीत साधी हवा आणि माझा भाऊ. दुसरीत पेवातली हवा आणि मी. ऊन दोघांवर सारखंच. अर्ध्या तासानं भाऊ अडतीसवर थांबला, मी चाळीसच्या वर गेलो. सावलीत आणल्यावर तो लवकर उतरला. मी आपला रेंगाळत राहिलो.

प्रशांत सांगू लागला. उन्हाचा उजेड हवेतून सरळ खाली येतो. तापलेली जमीन ती ऊब परत आभाळाकडं पाठवते, पण ही ऊब उजेडासारखी नसते. कार्बन डायऑक्साइड तिला वाटेत शोषतो आणि त्यातली बरीचशी परत खाली पाठवतो. तो मुळीच नसता तर पृथ्वी गोठली असती. वाढत गेला तर तापत जाणार. कोळसा, डिझेल, रॉकेल जाळून आपण तो वाढवतोय. “आणि बरणी म्हणजे काही पृथ्वी नव्हे,” तो म्हणाला. “हा नुसता अंदाज यावा म्हणून. खरं मोजमाप जगभर चाललंय.”

कडेला उभ्या राजारामांनी विचारलं, “हवेत किती हाय त्यो?”

“दहा लाख भागांत साडेतीनशेच्या वर, आबा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तीनशेच्या आत होता.”

“एवढासाच?”

“एवढासाच. पण तोच पृथ्वीची ऊब धरून ठेवतो.”

राजारामांनी मान वर करून आभाळाकडं पाहिलं. मग म्हणाले, “पेवात दिवा इझला तर आमी वर येतो. हितं वर येऊन जायाचं कुठं, लेका?”

मुलं हसली. प्रशांत हसला नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात भाऊसोंनी, म्हणजे हळदीच्या व्यापाऱ्यांनी, एक जुनं पेव उघडलं. आत किती उष्णता असते हे राजारामांना बघायचं होतं, म्हणून त्यांनी मला प्रशांतकडून मागून नेलं आणि कंदिलाच्या कडीला बांधलं. कंदील आणि मी दोराच्या टोकाला खाली गेलो. आठ-दहा हात उतरलो असू, ज्योत निळी झाली, आखडली आणि विझली.

“दिवा इझला,” वरून राजारामांचा आवाज आला. “आज न्हाई, भाऊसो. दोन दिस उघडं राहू द्या.”

“आरं गड्या, लॉरी उभी हाय. तासाभरानं उतर मग.”

“तासाभरानं बी न्हाई.”

ते घरी गेले. मी कंदिलासकट खालीच, हळदीच्या थराजवळ लोंबकळत राहिलो. थोड्या वेळानं वरचा उजेड झाकला गेला आणि अर्जुना दोराला धरून उतरू लागला. तो नवा हमाल होता, गेल्याच वर्षी माण तालुक्यातून आला होता. भाऊसोंना नाही म्हणणं त्याला जमलं नसावं. हळदीवर पाय टेकताच त्यानं दोन श्वास घेतले आणि तो कोलमडला.

वर आरडाओरडा झाला. राजाराम धावत आले. दोर वर ओढून त्यांनी कमरेला बांधला. “वडा म्हनलं की वडायचं,” एवढंच बोलून, छाती भरून श्वास घेऊन ते उतरले. मला सगळं दिसत होतं. त्यांनी स्वतःच्या कमरेचा दोर सोडला, अर्जुनाच्या काखेतून घेतला, गाठ मारली. पण “वडा” म्हणायला तोंड उघडावं लागलं.

अर्जुना वर गेला. राजाराम माझ्याजवळ बसल्यासारखे खाली आले. त्यांचा श्वास माझ्या काचेवर पडत होता. माझा पारा एकोणतीसवर होता. तो अर्ध्या अंशानं चढला. पुन्हा चढला. मग हळूहळू एकोणतीसवर आला आणि तिथंच राहिला.

दोर खाली यायला फार उशीर झाला.

अर्जुना वाचला. पंचनाम्यात ‘गुदमरून मृत्यू’ असं लिहिलं गेलं. दिवा विझला होता, हे त्यात कुणी लिहिलं नाही. प्रशांतनं मला कपाटात ठेवलं आणि वर्षभर ते दार उघडलं नाही.

ते उघडायला लावलं त्याच्या आईनं. बाळाबाई एके दिवशी शाळेतच आल्या. “त्यास्नी कळलं हुतं, तरी गेलं. ज्यास्नी कळलंच न्हाई, त्येंचं काय? दाव की त्यो खेळ सगळ्यास्नी.”

प्रशांतनं पेवांच्या माळावर दोन्ही बरण्या मांडल्या. सगळा गाव जमला. पेवाची गोष्ट लोकांना पटली. आता दोन-तीन दिवस उघडं ठेवल्याशिवाय कुणी उतरत नाही. भाऊसो मान खाली घालून उभे होते, तेही आता नियम पाळतात. आभाळाची गोष्ट मात्र लोकांनी ऐकली, माना हलवल्या आणि आपापल्या गाड्या सुरू करून निघून गेले.

आता १९९९ चा एप्रिल आहे. प्रशांतची बदली झाली. जाताना त्यानं मला शाळेच्या उत्तरेच्या भिंतीवर, जाळीच्या लाकडी पेटीत लावलं. एका दुपारच्या आकड्यावरून काही ठरत नाही, वर्षांची रांग लागते, असं तो सांगायचा. ती रांग तुटू नये म्हणून बाळाबाई रोज दोन वाजता येतात. साठीच्या घरात त्या आकडे शिकल्या, माझ्यावर बोट ठेवून. माझ्या खुणा पुसट होत चालल्यात. एक दिवस फुटेन, पारा मातीत सांडेल, त्याचं दुःख नाही. तोवर माझ्याकडं बघा, एवढंच मागणं. आणि बघून घरी गेल्यावर विसरू नका.

आज त्या पहिल्यांदाच कुणाला न विचारता वाचायला उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर घेतला, डोळे बारीक केले.

“एक्केचाळीस,” त्या म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं.

बरोबर होतं. त्या चुकल्या असत्या तर बरं झालं असतं.